काळ्या मातीतल्या घरात लिफ्ट: खड्डा, रेल, दरवाजा आणि लाइन

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातलं घर, काम जोत्यापर्यंत आलं आहे. तळमजला आणि वर एक मजला, फरशी ते फरशी ११ फूट ४ इंच. घरात ऐंशीच्या पुढचे दोघे, त्यांतल्या एकांना व्हीलचेअर. जिन्याला लागून ५ बाय ५ फुटांची जागा नकाशात सोडली आहे, भिंती ९ इंची विटांच्या. सिंगल फेज मीटर, डीपी ४०० मीटरवर, संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं. तीन कोटेशन हातात आहेत: हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी, केबिनखालचा खड्डा २०० मिमी), स्क्रूवाली (१५० मिमी) आणि काउंटरवेटवाली गिअरलेस (दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन लटकवलेली, १२०० मिमी). गवंडी म्हणतो, खड्डा विटांत बांधू आणि आतून वॉटरप्रूफिंग मारू. आत्ता, म्हणजे स्लॅब पडायच्या आधी, काय काय पक्कं करून घ्यायला हवं?

गुण्या_ओळंबा
आधी खड्डा ठरवा, मग कंपनी. दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा टाकते. त्यात जमिनीतलं पाणी खारं, ते लोखंड खातं. विटांचा खड्डा इथे टिकत नाही. फुगलेली माती भिंत बाजूने ढकलते, विटांचे सांधे उघडतात, आणि आतून मारलेलं वॉटरप्रूफिंग बाहेरच्या पाण्याच्या दाबाने पापुद्र्यासारखं सुटतं.

खड्डा आरसीसीचाच करा, तळ आणि चारही भिंती मिळून एकसंध पेटी. तळ साधारण २०० मिमी, भिंती १५० मिमी, काँक्रीट एम ३०, सिमेंट पीपीसी (राखमिश्रित) किंवा स्लॅगचं, मातीकडच्या बाजूला सळईवर ५० मिमी कव्हर. नेमकी सळई तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. भिंतीचा सांधा तळाच्या कोपऱ्यात न घेता तळासोबतच १५० मिमी भिंत ओता आणि सांधा तिथे वर घ्या, त्यात वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) टाका. गळती बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या सांध्यातूनच येते. वॉटरप्रूफिंग बाहेरून, माती भरायच्या आधी. त्यासाठी चारही बाजूंनी दीड फूट जास्तीचं खोदावं लागेल. खोदलेली काळी माती त्या जागेत परत टाकू नका. मुरूम भरा, ६-६ इंचांचे थर, पाणी मारून धुमसाने ठोकून.

यापेक्षाही महत्त्वाचं: घराचा पाया कशावर आहे? अंडर-रीम पायल्सवर (तळाशी फुगीर केलेल्या खोल काँक्रीटच्या खांबांवर) असेल आणि खड्डा नुसता मातीवर ठेवला असेल, तर घर जागेवर राहील आणि खड्डा पावसाळ्यात उचलला जाईल, उन्हाळ्यात बसेल. रेल (केबिन जिला धरून वर-खाली सरकते तो लोखंडी रूळ) खड्ड्यावर उभी आणि ब्रॅकेट घराला बांधलेले, म्हणजे रेल दोन्हीकडून पिळली जाणार. खड्डा जोत्याच्या बीमला जोडून त्यावरच तोलून घ्या.

इंजिनिअरला वजनाचा आकडा द्या, 'छोटी लिफ्ट आहे' एवढं सांगून भागत नाही. चार माणसांची लिफ्ट म्हणजे २७२ किलो (आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात), केबिन आणि तिची फ्रेम धरा ३५०. एकूण ६२२ किलो. केबिन खड्ड्यातल्या बफरवर (धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगवर किंवा रबरावर) आपटली तर तळावर क्षणभर याच्या चौपट, म्हणजे जवळपास अडीच टनांचा भार येतो.

भिंतीचं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर इलाज नाही. विटेत ठोकलेला अँकर सुरुवातीला घट्ट वाटतो. लिफ्टच्या रोजच्या हिसक्यांनी वीट आतून भुगा होते आणि बोल्ट हाताने फिरू लागतो. ज्या भिंतीवर रेल येणार त्या भिंतीत खड्ड्याच्या वरपासून दर १.२ ते १.५ मीटरला २०० मिमी उंचीचा आरसीसी पट्टा घ्या, आणि सगळ्यात वर एक बीम, त्यात मध्यावर उचलायचा हुक. ब्रॅकेट फक्त या पट्ट्यांवर.

आणि ५ फूट म्हणजे १५२४ मिमी, ते कागदावर. दोन्ही बाजूंनी गिलावा आला की १४९४, वीट थोडी आत-बाहेर झाली की १४७५. आतून गिलावा करूच नका, सांधे भरून साफ करा. प्रत्येक चार फुटांवर कर्ण मापा: चौकोन बरोबर असेल तर दोन्ही कर्ण २१५५ मिमी येतील. नुसती रुंदी मापून गुण्याचा दोष कळत नाही.

तीनफेज
लाइनबद्दल लिहितो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० च्या जागी १७० मिळाले तर जोर निम्म्यावर, ५५ टक्क्यांवर येतो. म्हणजे मोटर घुमते, उचलत नाही, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. शेतातल्या पंपाचं जे होतं तेच.

हायड्रॉलिकचा हिशोब पाहा. ६२२ किलो, वेग सेकंदाला ०.१५ मीटर: नुसतं उचलायला सुमारे ९१५ वॉट. पंप, व्हॉल्व्ह, मोटर यांचे तोटे धरून मोटर २.२ किलोवॉटची बसते. चालताना १४ अँपिअरच्या आसपास, पण थेट सुरू केली तर त्या क्षणी ६० च्या पुढे. मीटरपासून मशीनपर्यंत ३० मीटर ॲल्युमिनियमची ४ स्क्वेअर वायर टाकली असेल, तर त्या क्षणी तारेतच २७ व्होल्ट जातात. १७५ मधून २७ गेले की काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) धरतच नाही, फडफडत राहतो. तांब्याची ६ स्क्वेअर वायर टाकली तर हाच तोटा ११ व्होल्टवर येतो. शिवाय मोटर थेट सुरू करणारं मॉडेल घेऊ नका. ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) असलेलंच घ्या.

सर्व्हो स्टॅबिलायझर घेताना क्षमतेइतकीच इनपुट रेंज पाहा, १४० व्होल्टपासून चालणारा हवा. गावात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, ते स्टॅबिलायझरच्या हाताबाहेरचं आहे. म्हणून कमी-जास्त व्होल्टेज तोडणारा रिले त्याच्याही आधी. विजा पडण्याच्या दिवसांसाठी सर्ज अरेस्टर. लिफ्टचं सर्किट घराच्या बोर्डातून फुटलेलं नको: मीटरपासून स्वतंत्र, स्वतःचा मेन स्विच, त्याला कुलूप घालता येईल असा. केबिनच्या दिव्याचं सर्किट वेगळं ठेवा, मेन स्विच पाडला तरी आतला दिवा बंद होता कामा नये.

आर्थिंग खारपाणात दगा देतं. खाऱ्या ओल्या मातीत ओम फार छान दिसतात, पण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप त्याच खारीने सडतो. आणि उन्हाळ्यात माती आकसली की इलेक्ट्रोडभोवती फट पडते. कॉपर बाँडेड रॉड, भोवती बेंटोनाइटचं भरण, वर पाणी घालायला चेंबर. माप ऑगस्टमध्ये घेऊन समाधान मानू नका, मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. तेव्हा ५ ओमच्या आत असेल तर ठीक.

गाईडरेल
वरच्या दोघांनी खड्डा आणि लाइन सांगितली, मी उभारणी आणि ॲडजस्टमेंटवर येतो.

तुमच्या जागेत रेल एका बाजूला घेतली तर ३०० ते ३५० मिमी तिथे जातात. उरलेल्यात केबिन १०५० रुंद बसते. व्हीलचेअर एकट्याने जाण्यासाठी १००० बाय १२५० मिमी लागतं, दरवाजा निदान ८०० चा मोकळा. ९०० मिळाला तर तोच घ्या, हाताची बोटं दाराच्या चौकटीला घासत नाहीत. खुर्ची सरळ आत, वर सरळ बाहेर निघावी म्हणून समोरासमोर दारं घेता आली तर उत्तम. सोबत माणूस उभा राहायचा असेल तर खोली १४०० हवी, ती तुमच्या ५ फुटांत मिळणं कठीण. अजून भिंत उभी राहिलेली नाही, खोली ६ फूट करता येते का ते पाहाच.

रेलचं काम हेच सगळ्या लिफ्टचं काम. वरच्या बीमला लाकडी किंवा अँगलचं टेम्प्लेट बांधायचं आणि त्यावरून पियानो वायर खाली सोडायची: प्रत्येक रेलला दोन, दाराच्या उंबऱ्याला दोन. खाली ५ किलोचा ओळंबा, आणि तो ओळंबा तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचा, नाहीतर वाऱ्याने हलणारी तार पाहून माप घेता येत नाही. तार स्थिर झाली की प्रत्येक ब्रॅकेटवर तारेपासून रेलच्या तोंडाचं अंतर स्टीलच्या पट्टीने मापा आणि लिहून ठेवा. दोन रेलमधलं अंतर ठरलेल्या मापापेक्षा कमी कुठेही नको, जास्त असलंच तर २ मिमीपर्यंत. दोन रेल जिथे जुळतात तिथे नखाने चाचपा: नख अडकलं तर तिथे पायरी आहे, ती रेलच्या मागून शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून आधी काढा, कानस सगळ्यात शेवटी. शिमची चळत ५ मिमीच्या वर जात असेल तर ब्रॅकेट चुकला आहे, तो परत लावा.

ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे आणि डोक्यावर पेंटची एक रेघ मारायची, बोल्टपासून ब्रॅकेटपर्यंत सलग. सहा महिन्यांनी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, एवढं घरच्या माणसालाही बाहेरून कळतं.

आता लेव्हल, कारण सगळ्या तक्रारी इथूनच येतात. केबिनची फरशी आणि मजल्याची फरशी १० मिमीच्या आत जुळली पाहिजे. १५ मिमीची पायरी खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकाला थांबवते आणि म्हातारं माणूस पुढे झुकतं. हायड्रॉलिकमध्ये लेव्हल चुकली की बरेच जण लगेच चुंबक (केबिन कुठे थांबायची ते कंट्रोलरला कळवणारा) सरकवतात. क्रम उलटा आहे. आधी पाच-सहा फेऱ्या मारून तेल नेहमीच्या तापमानाला आणा. मग व्हॉल्व्हवरचा सावकाश वेग पाहा, सेकंदाला ०.०५ मीटरच्या आसपास. रिकामी आणि पूर्ण वजनाची, दोन्ही फेऱ्या मारून कुठे थांबते ते मापा. दोन्ही वेळा एकाच बाजूला चुकत असेल तर चुंबक सरकवा. रिकामी वर जाते आणि भरलेली खाली राहते असं असेल तर दोष वेगाचा किंवा तेलाचा, चुंबकाचा नव्हे. केबिन लोखंडी रोपने उचलणारं मॉडेल असेल तर नवा रोप पहिल्या काही आठवड्यांत ताणला जातो, म्हणून महिन्याने एकदा हे सगळं परत.

तेल बहुधा व्हीजी ४६ असतं. टाकी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे बाहेर ४५-४६ असतं तेव्हा टिनाखाली त्याहून किती तरी जास्त असतं. तेल पातळ होतं, लिफ्ट मजल्यापुढे घसरते, आणि ड्राइव्ह ४० अंशांच्या पुढे आपली पूर्ण ताकद देत नाही. तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, जाळीची खिडकी असलेली जागा बघा.

सोपवण्यापूर्वी या चाचण्या तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हव्यात. पूर्ण वजन ठेवून वरच्या मजल्यावर १० मिनिटं उभी ठेवा, १० मिमीपेक्षा जास्त उतरता कामा नये (तेल नुकतंच तापलं असेल तर निवताना थोडं आकसतं, ते धरून पाहा). रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) पूर्ण वजनाच्या दाबाच्या १४० टक्क्यांच्या वर लावलेला नको. रप्चर व्हॉल्व्हची चाचणी पूर्ण वजनावर: पाइप फुटल्यासारखा वेग दिला की केबिन जागीच धरली पाहिजे. रोप असलेल्या मॉडेलमध्ये रोप ढिला केल्यावर सेफ्टी ब्लॉक दोन्ही रेलला एकदम धरतात का. नंतर दोन्ही रेलवरचे ओरखडे सारख्याच उंचीवर आहेत का ते बघा. एकाच बाजूला खोल ओरखडा म्हणजे दुसरा ब्लॉक उशिरा लागला. ओरखडे कानशीने साफ केल्याशिवाय लिफ्ट चालवू नये.

गव्हर्नर (वेग वाढला की केबिन थांबवणारा), रप्चर व्हॉल्व्ह आणि ब्रेक यांना सील असतं. ते घरच्या माणसाने किंवा गावातल्या वायरमनने खोलायचं नाही, कितीही हुशार असला तरी.

तीनफेज
गाईडरेल भाऊ, एक मुद्दा. लाइन एवढी खराब असेल तर गिअरलेस का नको? काउंटरवेट केबिन अधिक ४५ टक्के वजनाचं, म्हणजे इथे ४७२ किलो. मोटरला उचलायला उरतात फक्त १५० किलो. वेग दुप्पट, ०.३ मीटर धरला तरी साडेचारशे वॉटच्या आत. हे तर चांगल्या इन्व्हर्टरवरही चालेल.

गुण्या_ओळंबा
विजेचा हिशोब बरोबर आहे, मातीचा नाही. १२०० चा खड्डा आणि खालचा तळ धरून तुम्ही पावणेपाच फूट खाली जाता. खारपाणात पावसाळ्यात पाणी तिथे उभं राहतं आणि बाजूचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. २०० मिमीचा खड्डा जोतं अडीच फूट असेल तर जमिनीच्या वरच राहतो! पूर्णाकाठ यांचं जोतं अजून भरायचं आहे, तेव्हा हा फायदा सोडू नये. वर डोक्यावरची उंचीही गिअरलेसला जास्त लागते.

गाईडरेल
सहमत. भक्कम खडक किंवा मुरुमाची जमीन असती, समजा यवतमाळकडची बरड, तर मीही गिअरलेस म्हटलं असतं. इथे हायड्रॉलिक. आणखी एक कारण: लाइन गेली की हायड्रॉलिकला खाली यायला मोटर लागत नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवर व्हॉल्व्ह उघडतो आणि केबिन स्वतःच्या वजनाने सावकाश तळमजल्यावर येते. ती बॅटरी दर दोन वर्षांनी बदलायची. रोज लाइन जाणाऱ्या गावात ती लवकर मरते. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून, आत कोणी नसताना, लिफ्ट खाली येऊन दार उघडतं का ते पाहा.

स्क्रूवाली वाईट नाही, तेल नाही, खड्डा उथळ. पण यातली बहुतेक मॉडेलं बटण दाबून धरलं तरच चालतात. कंपवात असलेल्या किंवा बोटं वाकलेल्या माणसाला २३ सेकंद बटण दाबून धरणं जमत नाही. ज्यांच्यासाठी लिफ्ट घेता त्यांना आधी तसं बटण दाबायला लावून बघा.

जुना_वाडा
धाग्यात घुसतो. आमचं घर मातीच्या जुडाईचं, भिंती दीड-दोन फूट जाड, आरसीसी कुठेच नाही. वरच्या माडीसाठी लिफ्ट होईल का?

गुण्या_ओळंबा
भिंतीला काहीही बांधायचं नाही. घराबाहेर लोखंडी सांगाडा, चार खांब, त्याचा स्वतःचा पाया, आणि रेलचा सगळा भार त्याच्यावर. अडचण एकच: जुनं घर आणि नवा सांगाडा काळ्या मातीत वेगवेगळे हलतात. म्हणून माडीचा दरवाजा आणि उंबरा घराच्या भिंतीत न बसवता सांगाड्यावरच बसवा, आणि घर व सांगाडा यांच्या मध्ये चेकर्ड प्लेटचा छोटा पूल ठेवा. घराच्या बाजूला बिजागरी, सांगाड्याच्या बाजूला नुसती टेकलेली, ५० मिमी सरकायला जागा. ऋतूप्रमाणे जी हालचाल व्हायची ती त्या प्लेटवर होईल, केबिन आणि दार यांचं माप हलणार नाही. दाराजवळच्या जुन्या भिंतीत तोडफोड करताना वरच्या सागवानी सऱ्याला आधी टेकू द्या. सांगाडा पश्चिमेला येत असेल तर पत्रा दुहेरी, मध्ये हवेची जागा.

लेकुरवाळी
दरवाजाबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून विचारते. स्वस्त कोटेशनमध्ये बाहेर लाकडी पल्ल्याचं दार आणि केबिनला घडीचं जाळीदार गेट दाखवतात. घरात लहान मुलं असतील तर हे चालेल का?

गाईडरेल
फार महत्त्वाचा प्रश्न. बाहेरचं पल्ल्याचं दार आणि केबिनचं गेट यांच्या मध्ये जी पोकळी राहते, तिथे लहान मूल उभं राहू शकतं. बाहेरचं दार बंद झालं, लॉक लागला, कोणी वरून बटण दाबलं, लिफ्ट निघाली, आणि मूल मध्ये. यंत्र बिघडलेलं नसतं, सगळे स्विच बरोबर काम करत असतात, तरी जीव जातो. अमेरिकेत असे मृत्यू झाल्यावर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१९ मध्ये घरगुती लिफ्टबाबत जाहीर इशारा दिला. तिथल्या २०१६ च्या मानकात माप स्पष्ट आहे: उंबऱ्याच्या कडेपासून बाहेरच्या दारापर्यंत पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी, आणि दोन दारांच्या मध्ये ४ इंचांचा चेंडू मावता कामा नये.

घरी तपासणं सोपं आहे. बाहेरचं दार उघडा, केबिनचं गेट बंद ठेवा, उंबऱ्याच्या कडेपासून दाराच्या आतल्या पृष्ठभागाची जागा मापा. पल्ल्याचं दार भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवलं की ९ इंची भिंतीची पूर्ण जाडी त्या पोकळीत जाते. चौकट आतल्या अंगाला, शाफ्टला (लिफ्टच्या उभ्या पोकळीला) लागून बसवा. बसवून झालं असेल तर दाराच्या आतल्या बाजूला भरीव पॅनल लावून घ्या.

घडीचं गेट नकोच. त्याच्या फटीत बोट, बांगडी, साडीचा पदर, ओढणी अडकते. दोन पट्ट्यांचं आपोआप सरकणारं दार घ्या, सोबत खालपासून वरपर्यंत प्रकाशाचा पडदा. लाकडी दार घेतलंच तर लक्षात ठेवा, मे महिन्यात ते सुकून आकसतं आणि जुलैत फुगतं, आणि लॉकची जीभ कधी पूर्ण बसत नाही. जीभ निदान ७ मिमी आत गेल्यावरच विजेचा संपर्क जुळला पाहिजे. दार लावून बाहेरून जोराने ओढा. चालू लिफ्ट थांबली तर लॉक चुकीचा लागला आहे.

बोर्डबटण
पावसाळ्यात तळमजल्याच्या दाराचा स्विच दमटपणाने त्रास देतो, लिफ्ट मध्येच उभी राहते. कारागीर येईपर्यंत दोन टोकं जोडून ठेवली तर? तेवढ्यापुरतं.

गाईडरेल
नाही. एक तासासाठीही नाही. दोन टोकं जोडली की दार उघडं असताना लिफ्ट निघते, आणि केबिन वर असताना खालचं दार उघडून कोणीही खड्ड्यात पाय टाकू शकतं. घरच्या लिफ्टमध्ये माणसं अंधारात, सवयीने, न पाहता पुढे पाऊल टाकतात. 'तेवढ्यापुरतं' टाकलेली वायर पुढच्या सर्व्हिसपर्यंत तशीच राहते, कारण लिफ्ट चालते म्हणून कोणी बघत नाही.

करायचं ते असं: मेन स्विच बंद, कुलूप, किल्ली खिशात, दोन्ही मजल्यांच्या दारांना आतून-बाहेरून दिसेल असा कागद. कारागिरालाही कंट्रोलरमध्ये जंपर मारू देऊ नका. इन्स्पेक्शन मोड त्याच्यासाठीच असतो, त्यात लिफ्ट सावकाश चालते आणि बटण सोडलं की थांबते. दमटपणाचा खरा उपाय म्हणजे आयपी ५४ चा बंद स्विच आणि खड्डा कोरडा.

पऱ्हाटी
राम राम मंडळी. एक गोष्ट राहून गेली जी. आपल्या इकडं दिवाळीनंतर घरातच कापूस भरते. त्याची फुणकी हवेत उडते, दाराच्या खाचेत बसते अन् प्रकाशाच्या पडद्यावर चिकटते. मंग दार लागतच नाही, परत परत उघडते. मशीनच्या खोलीत कापूस, कडबा, बारदाना काही ठेवू नका, गरम मोटरजवळ पेट घ्यायला वेळ लागत नाही. खाचा रोज ब्रशनं झाडजा, कपड्यानं नाही, कपड्यानं फुणकी आतच दबते.

उंदीर दुसरा. धान्य आलं की उंदीर आला, अन् केबिनखालची लोंबती केबल त्याले फार आवडते. वायर जिथून भिंतीत शिरते ते भोक सिमेंटनं नाही, जाळी कोंबून मंग सिमेंटनं बुजवजा. कंट्रोलरच्या पेटीची प्रत्येक रिकामी भोकं बंद पाह्यजेत, पाल आत शिरली तर काँटॅक्टरमध्येच मरते.

अन् पोते. सोयाबीनचे ५० किलोचे पाच पोते अन् एक माणूस म्हणजे २७२ च्या वर गेलं. तेही एका कोपऱ्यात रचते. केबिन तिरपी होऊन रेलचे शू एका बाजूनं घासते. माणसाची लिफ्ट माणसालेच राहू द्या.

पूर्णाकाठ
खूप मोलाचं मिळालं. खोली ६ फूट करायला इंजिनिअर तयार आहेत, खड्डा जोत्याच्या बीमवरच घेणार, जोतं ३ फूट करणार. दोन प्रश्न उरले: परवानगी कोणाची, आणि इतकं करूनही एखाद्या अतिवृष्टीत पाणी अंगणात चढलं तर काय?

तीनफेज
घरगुती म्हणून सूट आहे असं समजू नका. राज्यात आधी १९३९ चा लिफ्ट कायदा होता, आता २०१७ चा उद्वाहन, सरकते जिने आणि सरकते मार्ग अधिनियम आहे. उभारणीआधी परवानगी, उभारणीनंतर तपासणी आणि चालवण्याचा परवाना, असा क्रम. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून सुरुवात करा. नोंदणीकृत ठेकेदारच उभारणी करतो. आगाऊ देण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक आणि शाफ्टचा सही केलेला नकाशा दोन्ही मागून घ्या. घरगुती लिफ्टसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५२५९. करारात त्याचा उल्लेख लिहून घ्या, आणि १२ महिन्यांच्या देखभालीत किती भेटी, हेही.

गाईडरेल
पाण्याचं: खड्ड्याच्या एका कोपऱ्यात ३०० बाय ३०० मिमीचा, २०० मिमी खोल संप (पाणी गोळा होण्याचा छोटा खळगा) ठेवा, तळाला तिकडे हलका उतार. वर जाळी. खड्ड्यातला दिवा, स्टॉप स्विच आणि लिमिट स्विच जमेल तितके वर. तळाशी एक फ्लोट स्विच लावून घ्या, पाणी ५० मिमी चढलं की लिफ्ट खालच्या मजल्यावर यायचीच थांबेल. ही सोय कंट्रोलरमध्ये आहे का ते ऑर्डर देण्याआधी विचारा.

पाणी चढताना दिसलं तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन उभी करा, सगळे बाहेर, मग मेन स्विच पाडा आणि लाइन गेल्यावर आपोआप खाली आणणाऱ्या बॅटरीचा स्विचही बंद करा. हा दुसरा स्विच लोक विसरतात. मेन पाडल्यावर पाच-दहा सेकंदांत केबिन आपसूक पाण्याकडे उतरू लागते. तो स्विच कुठे आहे ते सोपवण्याच्या दिवशी बोट ठेवून दाखवायला लावा आणि त्यावर मराठीत नाव चिकटवा. पाणी ओसरल्यावर खड्डा कोरडा करून, स्विच उघडून वाळवून, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन अर्ध्या मेगओमच्या वर आल्याशिवाय लाइन देऊ नका.

गुण्या_ओळंबा
फ्लोटची वायर जाण्यासाठी खड्ड्याच्या भिंतीत २५ मिमीचा पाइप काँक्रीट ओतण्याआधीच टाका, वरच्या १०० मिमीत. नंतर भोक पाडाल तर तिथूनच गळेल. सेंटरिंग बांधलं की सळई आणि वॉटर स्टॉपचे फोटो इथे टाका, ओतायच्या आधी पाहून सांगतो.